आमची वाटचाल : घड्याळ आणि भट्टी

आमच्या बेकरीत शोकेसपेक्षा घड्याळ मोठं आहे. त्याखाली खडूची पाटी : ब्रन (कडक कवचाचा पाव) साडेसात, मावा केक साडेआठ, पोई (गोव्याचा कोंडा लावलेला पाव) अकरा, खारी चार. नवीन गिऱ्हाईक आत येऊन विचारतं, "आत्ता ताजं काय आहे?" कधीकधी खरं उत्तर असतं, "आत्ता काहीच नाही, वीस मिनिटं बसा." पहिल्या वर्षी असं ऐकलं की लोक पाय न टेकता निघून जायचे. आता बसतात. काही तर घड्याळाकडे बघून समोरच्या मेडिकलमधलं काम आधी उरकून येतात.

मी बँकेत काउंटरला होते, नणंद शाळेत शिकवायची. घरच्या पुरुषांना देवदर्शनाची ओढ, आम्हा दोघींना खाण्याची. शेवटी तह झाला की एका सुट्टीत देऊळ, पुढच्या सुट्टीत बेकरी. नागपूरकर असण्याचा इथे फायदा होतो. गाव मधोमध असल्यामुळे रात्री दुरांतोत बसलं की सकाळी मुंबई, दक्षिण एक्स्प्रेसनं हैदराबाद, गीतांजलीनं हावडा. डबे रिकामे न्यायचे, भरून आणायचे.

पहिला धडा ग्रँट रोडला मिळाला. स्टेशनसमोरचं मेरवान, 1914 सालचं. तिथला मावा केक खायचाच म्हणून आम्ही आंघोळी आटोपून, आवरून, दहाच्या सुमारास ऐटीत पोचलो. केक संपला होता. दुसऱ्या दिवशी सहालाच जाऊन उभ्या राहिलो. हातात आलेला केक कोमट होता. कागद सोलताना केकची कड कागदाला चिकटून यायची, ती आधी दातांनी खरवडायची आणि मग केक. वेलदोडा, मावा आणि किंचित करपल्या साखरेचा वास. चार केक डब्यात घालून नागपूरला आणले आणि सासूबाईंना दिले. त्या म्हणाल्या, "बरा आहे." त्यांची चूक नव्हती. त्यांनी खाल्ला तो दुसराच केक होता.

पुण्याला कॅम्पात, ईस्ट स्ट्रीटवर, 1955 पासूनची कयानी. दुपारी तिथे शटर खाली. पुण्याच्या दुपारच्या झोपेवर आम्हीही बाकीच्यांसारखे विनोद केले, पण रांगेतल्या एका आजोबांनी शांतपणे सांगितलं, "अहो, बंद होतं म्हणून तर संध्याकाळी परत ताजं मिळतं." श्रूजबेरी हे एका इंग्रजी गावाचं नाव, पण बिस्किट आता पक्कं पुण्याचं. आमच्याकडे त्याला कोणी साजबेरी म्हणतं, कोणी चुजबेरी. काय म्हणता यापेक्षा ते जिभेवर किती लवकर विरघळतं हे महत्त्वाचं, आणि ते विरघळतं लोण्यामुळे. खऱ्या लोण्यामुळे. हे लक्षात ठेवा, पुढे ह्याच लोण्यानं आम्हाला रडवलं.

हैदराबादला चारमिनारला लागूनच असलेल्या निमराहमध्ये उभ्यानं उस्मानिया बिस्किट खाल्लं. नाव निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलं असं तिथे सगळे सांगतात. नुसतं खाल्लं तर थोडं खारट वाटतं. दाट, गोड इराणी चहात बुडवलं की मग कळतं, मीठ कशाला आहे ते. म्हणजे ते बिस्किट एकटं विकायची वस्तूच नाही. कोलकात्यात न्यू मार्केटमधलं नाहूम, बगदादी ज्यू घराण्यानं 1902 साली सुरू केलेलं. डिसेंबरात प्लम केकसाठी तिथे एवढी रांग की नणंदेनं उभ्या उभ्या वह्या तपासल्या असत्या. गोव्यात मात्र आम्हाला कुठे जावंच लागलं नाही. सकाळी सायकलवरचा पोदेर, म्हणजे पाववाला, पों पों करत दारात आला. टोपलीत कापडाखाली पोई, वर गव्हाचा कोंडा भुरभुरलेला, आतून पोकळ. एकाच दारासमोर आम्ही सहा पोई संपवल्या, घरमालकीण बघतच राहिली.

ह्या सगळ्याची एक वही होती. नणंद शाळेतली, त्यामुळे तिला प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहायची खोड : 6.10, मावा केक. 4.40, खारी. मी तिला चिडवायची, की आपण सहलीला आलोय, तास घ्यायला नाही. त्या वहीत पाककृती एकही नव्हती, कोणी आम्हाला का सांगेल? पुढे तीच वही कामाला आली, पण आधी आम्ही व्हायचा तो मूर्खपणा केलाच.

मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि लक्ष्मीनगरजवळ भाड्याचा गाळा घेतला. परवाने, वीज मीटर, भट्टी, ह्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी आलो. पाटीवर तेवीस पदार्थ. देशभर जे जे खाल्लं ते सगळं एका छताखाली, शिवाय क्रोसाँ, कारण शोकेसमध्ये तो छान दिसतो. लाटणी मशीन विकणाऱ्यानं सांगितलं होतं की हे कुठल्याही हवामानात चालतं. तो बहुधा नागपूरला मे महिन्यात कधी आलेला नसावा.

क्रोसाँचं गणित असं असतं. पिठाच्या घडीत लोण्याची चादर, पुन्हा घडी, पुन्हा लाटणं. लोणी पंधराएक अंशांवर असलं तर वाकतं, त्याहून गार असलं तर तुटतं, वीस-बावीसच्या पुढे पिठात मुरतं, आणि बत्तीस-पस्तीसला त्याचं तूप व्हायला लागतं. आमच्या भटारखान्यात दुपारी बेचाळीस. उस्ताद, म्हणजे आमचे मुख्य कारागीर, मोमिनपुऱ्यातल्या पावभट्टीवर तीस वर्षं घालवलेले, बाजूला उभे राहून बघत होते. चौथा घाणा तळल्यासारखा निघाला तेव्हा म्हणाले, "ताई, हे लोणी काउन वितळून रायलं हे मले विचारू नका. मे महिन्यालेच विचारा."

त्यांनीच मग समजावलं की आपल्याकडच्या बेकऱ्यांत खारी का टिकली. खारीत बेकरीचं मार्गरीन असतं, ते लोण्यापेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला वितळतं. म्हणून विदर्भाच्या उन्हातही पदर सुटतात, आणि म्हणूनच खाल्ल्यावर टाळूला तेलकट थर बसतो. दोन्ही गोष्टी एकाच कारणानं. आम्ही क्रोसाँ बंद केला. खारी ठेवली, पण लोण्याची, आणि ती रात्री दोन ते पाचमध्ये लाटून फ्रीजरला टाकायची. दुपारी चारला थेट भट्टीत. उन्हाळ्यात पावाचं पीठही बर्फाच्या पाण्यात मळतो, नाहीतर यीस्ट तासाभरात उधळतं आणि पाव आंबूस होतो. गोळ्यांवर ओलं फडकं, खिडकीला कूलर. कूलर माणसांसाठी नाही, पिठासाठी. कोरड्या हवेत गोळ्याला पापुद्रा धरतो आणि पाव फुगायच्या आधीच फाटतो. जुलै लागला की सगळं उलटं, बिस्किटं दोन दिवसांत सादळतात.

पहिल्या वर्षाचा तोटा मी इथे लिहीत नाही, घरचे वाचतात.

एका रात्री नणंद ती वही घेऊन बसली. म्हणाली, "वहिनी, बघ. आपण जे जे आठवून आठवून बोलतो ना, ते सगळं भट्टीतून निघाल्यावर तासाभरात खाल्लेलं आहे. आणि आपल्या शोकेसमधलं सगळं सकाळचं." तेवीस पदार्थ ताजे ठेवायचे तर तेवीस भट्ट्या हव्यात. दुसऱ्या दिवशी पाटी पुसली आणि सातच पदार्थ लिहिले. घड्याळ गांधीबागेतून आणलं.

रविवारच्या ब्रंचचीही अशीच फजिती. ब्रंच हा शब्द इंग्लंडात 1895 च्या सुमाराचा, आमच्याकडे तो मेन्यूकार्डावर मी आणला. अकरा ते दोन, अंडी, टोस्ट, ज्यूस. एका काकांनी कार्ड उलटसुलट केलं आणि विचारलं, "म्हणजे नाश्ता उशिरा का जेवण लवकर?" बाकीचे आलेच नाहीत, कारण रविवारी नागपूर नऊ वाजता तर्री-पोहे खाऊन मोकळं झालेलं असतं. त्या ठेल्यांशी स्पर्धा करणं म्हणजे वेडेपणा. उस्तादांच्या मुलानं एकदा घरून आणलेली चण्याची तर्री ब्रनवर ओतून खाल्ली. साधा पाव तर्रीत लगदा होतो. ब्रनचं कवच कडक, ते बाहेरून रस्सा अडवतं आणि आतला मऊ भाग तो सावकाश पितो. पुढच्या रविवारी पाटीवर लिहिलं : ब्रन-तर्री, साडेआठ. बरोबर बारीक कांदा, लिंबू. ते काका आता दर रविवारी असतात. कार्ड मागत नाहीत.

संत्र्याचं मात्र सविस्तर सांगते, कारण नागपुरात बेकरी काढली की प्रत्येक पाहुणा विचारतो, संत्र्याचा केक कुठे आहे? आम्हीही उत्साहानं ताज्या रसाचा केक केला. भट्टीतून निघाला तेव्हा वास अप्रतिम. संध्याकाळी कडू. साखर वाढवली, तरी कडूच. चार-पाच घाणे फेकल्यावर अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत काम केलेले एक गिऱ्हाईक भेटले, त्यांनी हसत उलगडा केला. आपल्या संत्र्याच्या पडद्यांत आणि बियांत एक द्रव्य असतं, ते रस काढताना कडू नसतं, रस ठेवला किंवा तापवला की त्याचं लिमोनिन बनतं, ते कडू. ताजा रस पटकन पिऊन टाकायचा, तो साठवायचा नाही, भाजायचा तर नाहीच.

मग आम्ही रस सोडला आणि सालीकडे वळलो. नागपुरी संत्र्याची साल सैल, एका हातानं निघते. ती तीनदा पाणी बदलून उकळायची, कडवटपणा पाण्यात जातो, मग पाकात दोन दिवस. बाजारातली टुटीफ्रुटी म्हणजे रंग दिलेली कच्ची पपई; तिच्या जागी आम्ही ही साल घालतो. आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात भरपूर असतात, म्हणजे नेमकी नाताळच्या केकच्या वेळी. सदरमधली चार-पाच घरं आता दरवर्षी आमच्याकडून केक नेतात आणि दरवर्षी सांगतात की आमच्या आईचा याहून चांगला व्हायचा. मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चात येतात, त्या सालीचा मुरांबा करून ठेवतो. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते मी केकच्या डब्यावर छापणार होते. नणंद म्हणाली, साल उकळणाऱ्या बायकांची मजुरी आधी वाढव. वाढवली. डबा तसाच कोरा आहे.

टाळेबंदीत घड्याळ बंद पडलं होतं, म्हणजे सेल संपला आणि बदलायला कोणी गेलं नाही. त्या काळात फक्त पाव केला, घरोघर पोचवला, आणि कर्जाचे हप्ते भरले. एवढंच.

2025 च्या सुरुवातीला बातमी वाचली की उच्च न्यायालयाच्या आदेशानं मुंबईतल्या लाकडा-कोळशावरच्या भट्ट्या बदलाव्या लागणार. प्रदूषण आहे, खरंच आहे, माझा त्यावर वाद नाही. पण उस्ताद आयुष्यभर पावात, आणि मुंबईचा ब्रन त्यांनी कधी खाल्लेला नव्हता. दुकान दोन दिवस उस्तादांच्या मुलावर सोपवलं आणि तिघं दुरांतोत बसलो. नणंदेनं वही घेतली.

फोर्टातल्या एका जुन्या बेकरीत आम्ही अकराला पोचलो. चहा आणि ब्रन-मस्का आला. उस्तादांनी खाल्ला नाही. आधी वास घेतला, मग पाव उलटा करून बुडावर टिचकी मारली आणि कान लावला. शेजारच्या टेबलावरची कॉलेजची मुलं हसली. उस्ताद उठून थेट आत, भट्टीवाल्यापाशी गेले. दोघांचं बराच वेळ काहीतरी चाललं होतं, हातवारे, मग भट्टीचं दार उघडून बघणं. परत येऊन बसले आणि ब्रन माझ्याकडे सरकवला.

"ताई, हा सकाळचा हाय. दुसरा घाणा साडेतीनले निघते."

परतीची गाडी रात्री होती. आम्ही थांबलो.