बॉब हॉटन, माल्मो आणि आपण

रविवार, रात्र

आज दुपारभर भारताच्या फुटबॉल टीमचा जुना इंग्लिश कोच बॉब हॉटनबद्दलच वाचत होतो. आपल्याकडे हे नाव निघालं की लोकांना फक्त दोह्याचा २०११ चा आशिया कप आठवतो, ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहरीनकडून २-५, कोरियाकडून १-४, आणि माणूस निकालात. मला हे मनापासून खटकतं.

खेळाडू म्हणून त्याचं फार काही झालं नाही. फुलहॅम, ब्रायटन वगैरे केलं आणि लवकरच कोचिंगकडे वळला. १९७४ ला स्वीडनच्या माल्मो क्लबने कोच म्हणून बोलावलं तेव्हा जेमतेम २६ वर्षांचा होता, बू लार्सनसारखे टीममधले सीनिअर त्याच्याहून वयाने मोठे, आणि हा त्यांना सांगतोय की माणसामागे धावणं बंद करा, आपापली जागा धरा, बॉल ज्या बाजूला जाईल तिकडे अख्खी लाइन एकत्र सरकू दे. झोनल डिफेन्स म्हणजे हेच. आज शाळेची पोरंही हे शिकतात, तेव्हा स्वीडनमध्ये यावरून चक्क वाद झाला, खेळाची मजा मारली म्हणून टीका झाली. पण ७४, ७५, ७७ ची लीग जिंकलीच ना! हॉटनचा शाळेतला मित्र रॉय हॉजसन १९७६ ला हाल्मस्टाड या दुसऱ्या स्वीडिश क्लबला कोच म्हणून आला, आदल्या वर्षी ती टीम खालच्या लीगमध्ये जाता जाता वाचलेली, आणि त्याने हीच पद्धत वापरून पहिल्याच सीझनला लीग मारली. म्हणजे ही एका माणसाची जादू नव्हती, दुसऱ्यालाही शिकता येण्यासारखी गोष्ट होती, आणि मला तेच सगळ्यात भारी वाटतं.

मग माल्मोची १९७९ ची युरोपियन कपची (आजची चॅम्पियन्स लीग) फायनल, म्युनिक, समोर कोच ब्रायन क्लफचं इंग्लिश नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लार्सन आणि रॉय अँडरसन दोघं जखमी, तरी फक्त ०-१, तोही हाफटाइमच्या तोंडावर ट्रेव्हर फ्रान्सिसचा हेडर. त्यानंतर एकही स्वीडिश क्लब तिथपर्यंत पोचलेला नाही.

आपल्याकडे तो २००६ ला आला. २००७ चा नेहरू कप, दिल्लीत सीरियाला १-० हरवलं, गोल एन. पी. प्रदीपचा. २००९ ला परत सीरिया, पेनल्टीवर, गोलकीपर सुब्रत पॉलमुळे. पण खरा टप्पा २००८ चा एएफसी चॅलेंज कप, कारण तो जिंकणाऱ्याला थेट आशिया कपचं तिकीट होतं. हैदराबादला अफगाणिस्तानविरुद्ध गोल होता होईना, शेवटी इंज्युरी टाइममध्ये आपल्या गोव्याच्या क्लायमॅक्स लॉरेन्सने मारला, मग फायनलला ताजिकिस्तान ४-१, छेत्रीची हॅटट्रिक. १९८४ नंतर आपण पहिल्यांदा आशिया कपात.

लांब पास मारत बसायचे ही तक्रार खरी आहे, मिडफिल्ड कोरडं असायचं हेही मान्य. पण दोह्यात बहरीनला आपण दोन गोल मारले, गौरमांगी आणि छेत्री, आणि कोरियासमोर सुब्रतने जे अडवलं ते मी अजून बघतो. कोरिया, ऑस्ट्रेलियाच्या ग्रुपमध्ये टाकलेल्या टीमकडून अजून काय हवं होतं?

पुढच्या वेळी आपण २०१९ ला पोचलो तेव्हाही कोच इंग्लिशच, स्टीफन कॉन्स्टंटाइन, तोही गुडघ्यामुळे खेळ लवकर सुटलेला. त्याच्यावर वेगळं लिहायचंय, आता झोपतो.