ट्रंक करण्याआधी मॅक टेबल बघा

नेटवर्कच्या कामाला नव्याने लागलेली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: एका स्विचवर अ‍ॅक्सेस पोर्ट (एकाच व्हीलॅनचा, म्हणजे स्विचवर आखलेल्या एका वेगळ्या आभासी नेटवर्कचा पोर्ट) आणि समोरच्या स्विचवर राउटेड पोर्ट (स्वतःचा आयपी पत्ता असलेला, राउटरसारखा पोर्ट), असं जोडलं तर चालतं का? चालतं, आणि व्यवस्थित चालतं. अ‍ॅक्सेस पोर्टमधून बाहेर पडणाऱ्या फ्रेमवर, म्हणजे डेटाच्या पाकिटावर, टॅग (व्हीलॅनचा क्रमांक सांगणारी चिठ्ठी) नसतो आणि राउटेड पोर्टला टॅग नसलेलीच फ्रेम हवी असते. समोर कुठला व्हीलॅन आहे हे राउटेड पोर्टला कळत नाही, कळायची गरजही नाही. अ‍ॅक्सेसच्या बाजूला त्या व्हीलॅनचा एसव्हीआय (व्हीलॅनचा आयपी धरणारा, स्विचमधला आभासी इंटरफेस) उभा करून आयपी द्यायचा, समोरच्या पोर्टला ‘नो स्विचपोर्ट’ देऊन राउटेड करायचं आणि त्याच सबनेटमधला (पत्त्यांच्या त्याच गटातला) दुसरा आयपी द्यायचा, बास.

तरीही ही जोडणी अडते. आणि अडली की हात पहिल्यांदा जातो तो ट्रंककडे, म्हणजे टॅग लावून अनेक व्हीलॅन एकाच तारेतून नेणाऱ्या पोर्टकडे. ‘ट्रंकमधून सगळे व्हीलॅन जातात, मग आपलाही जाईल’ असा तो विचार असतो. समोर राउटेड पोर्ट असेल तर नेमका इथेच घात होतो.

आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात गेल्या हंगामाच्या तोंडावर हेच झालं होतं. बॉयलर अग्निप्रदीपन उरकलेलं, मोळी पूजन दोन-चार दिवसांवर. ऊसयार्डातल्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये नवा लेयर थ्री (राउटिंगही करणारा) स्विच बसवलेला आणि तिथून ऑफिसच्या मुख्य स्विचपर्यंत फायबर. पूर्वी यार्ड आणि ऑफिस एकाच सपाट नेटवर्कवर होतं; या वेळी काट्याचे संगणक वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकले होते. काट्यावरचे मामा सकाळपासून ट्रायलची पावती काढायला बसलेले. मी पोचलो तसे म्हणाले, “साहेब, दिवा तर हिरवा लागतोय, पण वजन काय ऑफिसात पोचंना. गाड्या आल्या की लायनी लागतील बघा.” त्यांची काळजी खरी होती. भरलेल्या गाडीचं वजन, नंतर रिकाम्या गाडीचं वजन, दोन्ही सर्व्हरला गेल्याशिवाय पावती निघत नाही, आणि ऊस तोडून ठेवला की तासागणिक वाळतो. शेतकऱ्याचं वजन घटतं ते घटतंच.

मांडणी अशी होती. ऑफिसच्या स्विचवर राउटेड पोर्ट, आयपी १०.५०.०.१, मास्क /३० (म्हणजे दोनच उपकरणांपुरता सबनेट). यार्डाच्या स्विचवर व्हीलॅन ५० चा एसव्हीआय, आयपी १०.५०.०.२. काट्याचे संगणक व्हीलॅन २० मध्ये, १०.५०.२०.० /२४. ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ दिलं तर दोन्हीकडे अप, अप. पिंग (समोरून उत्तर येतं का याची चाचणी) मात्र शून्य.

अशा वेळी मी पिंग सोडून एआरपी बघतो, म्हणजे कुठल्या आयपीचा मॅक (हार्डवेअर) पत्ता कुठला याची स्विचकडची यादी. यार्डाच्या स्विचवर १०.५०.०.१ च्या पुढे ‘इनकम्प्लीट’. म्हणजे समोरच्याचा मॅक पत्ताच मिळालेला नाही, तेव्हा राउट, गेटवे, अ‍ॅक्सेस लिस्ट हे सगळं तूर्त बाजूला. गोष्ट लेयर दोनची, म्हणजे आयपीच्या खालच्या मॅक-व्हीलॅनच्या थराची आहे एवढं पक्कं झालं.

मग ऑफिसच्या स्विचवरून १०.५०.०.२ ला पिंग चालू ठेवला आणि यार्डाच्या स्विचवर त्या फायबरच्या पोर्टचा मॅक टेबल (कुठला मॅक कुठल्या पोर्टवर, कुठल्या व्हीलॅनमध्ये दिसला याची यादी) काढला. ऑफिसच्या राउटेड पोर्टचा मॅक तिथे दिसत होता, पण व्हीलॅन ५० मध्ये नाही, व्हीलॅन १ मध्ये. त्या एका ओळीत सगळं निदान होतं. पोर्ट कुणीतरी ट्रंक केला होता आणि नेटिव्ह व्हीलॅन (बिनटॅगच्या फ्रेम ज्यात पडतात तो) १ च ठेवला होता. ऑफिसकडून बिनटॅगची एआरपी विचारणा यायची ती व्हीलॅन १ मध्ये पडायची, तिथे उत्तर द्यायला कुणी नव्हतं. यार्डाकडून जाणारी विचारणा ५० चा टॅग लावून निघायची, आणि राउटेड पोर्ट ती घेत नव्हता. ट्रंकवरचा हा टॅग, ८०२.१क्यू मानकाचा, चार बाइटचा असतो. तेवढ्याने दोन्ही दिशा बंद पडल्या होत्या. ट्रंकवर व्हीलॅन ५० ला परवानगी होतीच, त्यामुळे त्याचा एसव्हीआय मात्र ‘अप’ दाखवत राहिला.

हाच तपास उलट्या बाजूने करता येत नाही, हे ध्यानात ठेवा. राउटेड पोर्ट मॅक शिकत नाही, त्याच्याकडे फक्त एआरपी टेबल. तिथल्या मॅक टेबलात शोधत बसलात तर काहीच सापडणार नाही, आणि तारच खराब आहे असा समज व्हायचा.

पोर्ट पुन्हा अ‍ॅक्सेस केला, व्हीलॅन ५० दिला. चक्राकार जोडण्या रोखणाऱ्या स्पॅनिंग ट्रीच्या जुन्या पद्धतीत ऐकण्याचे १५ आणि शिकण्याचे १५ असे ३० सेकंद पोर्ट फ्रेम पुढे सोडत नाही. या काळात पिंग लागला नाही म्हणून पुन्हा कॉन्फिगरेशन उलटंपालटं करणारे मी पाहिले आहेत. अर्धा मिनिट थांबा. थांबलो, एआरपी भरला, पिंग लागला.

मामांची पावती तरीही निघेना.

यार्डाच्या स्विचवरून ऑफिसच्या सर्व्हरला पिंग जात होता, काट्याच्या संगणकावरून जात नव्हता. इथे पुष्कळांची गल्लत होते. स्विच स्वतः पिंग करतो तेव्हा ज्या इंटरफेसमधून पॅकेट निघतं त्याचाच आयपी सोर्स म्हणून लावतो. म्हणजे तो पिंग १०.५०.०.२ वरून गेला, आणि ते सबनेट ऑफिसच्या स्विचला थेट जोडलेलं असल्याने उत्तर परत आलं. सोर्स व्हीलॅन २० देऊन तोच पिंग मारला, तर गप्प. ऑफिसच्या स्विचवर १०.५०.२०.० कडे परतीचा राउटच टाकलेला नव्हता. एक स्टॅटिक (हाताने टाकलेला) राउट, पुढचा टप्पा १०.५०.०.२, आणि काट्याच्या संगणकावर वजन झळकलं. मामांनी पावती फाडून माझ्या हातात दिली. मला त्या कागदाचं फार बरं वाटलं.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट पुष्कळदा अडवते, ती म्हणजे ‘आयपी राउटिंग’ (एका सबनेटची पॅकेट दुसऱ्यात पाठवण्याची सोय) चालू नसणं. सिस्कोच्या बऱ्याच कॅटॅलिस्ट स्विचवर ते मूळात बंद असतं. ‘आयपी डीफॉल्ट-गेटवे’ टाकलेला असला की स्विच स्वतः जगाशी बोलतो, त्यामुळे सगळं ठीक वाटतं, पण त्याच्या मागच्या संगणकांची पॅकेट तो पुढे ढकलत नाही. आणि ऑफिसकडून काट्याच्या विंडोज संगणकाला पिंग लागत नसेल तर लगेच स्विचवर खापर फोडू नका. दुसऱ्या सबनेटवरून आलेल्या पिंगला विंडोजचा फायरवॉल बहुतेक वेळा उत्तर देत नाही. एसव्हीआय डाउन दिसत असेल तर व्हीलॅन तयार केलाय का, आणि त्यात एखादा तरी चालू पोर्ट आहे का, एवढं बघा.

मुळात अशी मिश्र जोडणी करावी का? एकाच सबनेटमध्ये पुढे तिसरं उपकरण, समजा फायरवॉल, आणायचं असेल तर एसव्हीआयला पर्याय नाही. फक्त दोन स्विचमधला दुवा असेल तर मी दोन्ही टोकं राउटेड ठेवतो. कारण एसव्हीआय व्हीलॅनवर उभा असतो. व्हीलॅन ५० चा दुसरा एखादा पोर्ट चालू असेल तर फायबर तुटली तरी एसव्हीआय अपच राहतो, स्टॅटिक राउट टेबलात तसाच बसतो, आणि पॅकेट खड्ड्यात जात राहतात. राउटेड पोर्टची लिंक पडली की राउट तिथल्या तिथे निघतो. मधे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची तार जोडणारी डबी) असेल तर मात्र हा फायदाही जातो, कारण फायबर तुटल्याचं तांब्याच्या बाजूला कळेलच असं नाही.

कारखान्याला मी तेच सांगितलं आहे: हंगाम संपला की यार्डाकडचा पोर्टही राउटेड करू. चालू काट्यावर नको. तो बदल करताना आधी व्हीलॅन ५० च्या एसव्हीआयवरचा आयपी काढावा लागतो, नाहीतर तोच सबनेट पोर्टवर देताना स्विच ओव्हरलॅपची तक्रार करून नकार देतो. आणि आयपी काढला त्या क्षणी ऑफिसमधून घेतलेलं लॉगिन तुटतं, तेव्हा हे काम कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी) घेऊन काट्याच्या केबिनमध्ये बसूनच करायचं.