आधी पांढरं बघा

जपानी सुलेखनाचा नमुना समोर आला की पहिला प्रश्न ठरलेला: काय लिहिलंय? तो थोडा वेळ बाजूला ठेवावा. लिपी येत नसेल तर उलट बरंच, अर्थ मध्ये लुडबुडत नाही.

आपली देवनागरीची सवय मात्र आडवी येते. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली, म्हणून नजर वर दांडी शोधते. काना या जपानी अक्षरलिपीला (आपल्या मात्रेतला काना नव्हे) दांडीच नाही. ओळ वरून खाली उतरते, पुढची तिच्या डावीकडे. अक्षरं एका न दिसणाऱ्या उभ्या दोऱ्याभोवती डुलत उतरतात.

सुन्शोआन शिकिशी या नावाचे कानातले जुने नमुने घ्या. 11व्या शतकातले हे कागद जेमतेम 13 सेंटिमीटर उंचीचे, तळहाताएवढे; एकेकावर 31 अक्षरी एकच कविता. लिहिण्याची रीत चिराशिगाकी, म्हणजे विखरून लिहिणं. एक ओळ वर सुरू होते, शेजारची एकदम खाली. काही कागदांवर उजवा गट वर, डावा खाली, आणि मधून पांढऱ्याची तिरकी वाट. ही वाट आधी दिसली पाहिजे. डोळे किलकिले करा किंवा छापील चित्र उलटं धरा. अक्षरं विरघळतात, पांढऱ्याचे आकार उरतात.

मग शाई. कुंचला बुडवल्यावरची अक्षरं काळीभोर, जाड. पुढे शाई सरत जाते, फराटे बारीक आणि कोरडे होतात. जिथे काळं पुन्हा उसळतं तिथे कुंचला पुन्हा बुडवलाय. नवशिक्या दर ओळीच्या सुरुवातीला बुडवतो आणि कागदाच्या माथ्यावर काळ्या ठिपक्यांची झालर लागते. जाणता हात ती जागा ओळीच्या मध्यावर आणतो, शेजारच्या ओळीतल्या काळ्याच्या समोर येऊ देत नाही. अक्षरं जोडणारी रेघ अक्षरापेक्षा बारीक हवी. तीही जाड झाली की ओळीचा सुंभ होतो. आणि सगळ्या ओळी खाली एकाच पातळीवर संपल्या, तर विखुरणं संपलं, कुंपण उभं राहिलं.

आजच्या कामांत सहीखाली लाल शिक्का असतो, बहुधा डाव्या बाजूला. आकार मोठा झाला तर सगळी नजर तोच खातो. अंगठ्यानं तो झाकून बघा: कागद उजवीकडे कलल्यासारखा वाटला, तर शिक्का बरोबर जागी बसलाय.