डबल बेल

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. दिवसभर डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसायचं आणि आत शिरलं की दीड मिनिटात औषधाची सगळी कथा सांगून बाहेर पडायचं. बोलण्यावरच माझं पोट. त्यामुळे गेल्या मे महिन्यात बाबांची वाचा गेली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिला महिना सगळ्यात जास्त चुका मीच केल्या.

बाबा एसटीत कंडक्टर होते. 34 वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी नागपूर–ब्रह्मपुरी. त्या सकाळी चहाचा कप हातातून सुटला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि काय झालं विचारलं तर नुसतं "ते... ते...". आईने लगेच ओळखलं, लकवा. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मानेवाड्याहून निघून आम्ही वेळेत पोचलो, म्हणून पाय वाचला. उजवा हात अर्धा परत आला. बोलणं नाही आलं.

याला अफेझिया म्हणतात, मराठीत वाचाघात. बाबांची जीभ आणि घसा धड होता, मेंदूच्या डाव्या बाजूला जिथे शब्द जुळतात तिथे मार बसला होता. पॅरिसच्या पॉल ब्रोका या डॉक्टरने 1861 साली असा एक रोगी तपासला होता. त्याच्या तोंडून "तां" एवढंच निघायचं, पण समोरच्याचं बोलणं त्याला समजायचं. आमचे बाबा "ते" वर अडकले होते. हे सगळं मी नंतर वाचलं. डिस्चार्जच्या कागदावर फक्त एक ओळ होती, स्पीच थेरपी घ्यावी. औषधं विकणारा माणूस मी, आणि ती ओळ वाचून मी फाइल बंद केली. म्हटलं, आपण घरीच बोलत राहू, येईल हळूहळू.

मग आम्ही बोलत सुटलो. मी मोठ्याने बोलायचो, जणू त्यांना ऐकू येत नव्हतं. "चहा? पाणी? बाथरूमला जायचं? पंखा?" बाबा प्रत्येकाला "हो" म्हणायचे. चहा आणला की कप ढकलून द्यायचे. हो आणि नाही या शब्दांचीच त्यांच्या तोंडात अदलाबदल होत होती, हे आम्हाला कुठं माहीत! आत्या भेटायला आली आणि पलंगाजवळच उभी राहून आईला म्हणाली, "याले आता काई समजून नाई राह्यलं." बाबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि रात्री जेवले नाहीत. त्यानंतर मी मुकाट्याने धंतोलीतल्या एका स्पीच थेरपिस्टची वेळ घेतली.

त्या बाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा त्यांनी बाबांना तपासण्याआधी कूलर बंद केला. बाहेर 44 डिग्री, आणि आमचा कूलर म्हणजे लोखंडी डबडं, चालू केला की शेजारच्या खोलीतलं ऐकू येत नाही. बाई म्हणाल्या, वीस मिनिटं घाम निघू द्या. इतक्या आवाजातून शब्द वेचायला तुम्हालाही कष्ट पडतात, त्यांना किती पडत असतील? मग आम्हाला म्हणाल्या, आता नेहमीसारखं बोला. मी नेहमीसारखं बोललो. दोन मिनिटांनी बाईंनी हात वर केला. "तुम्ही एका दमात पाच प्रश्न विचारले. ते अजून पहिल्याचंच उत्तर शोधून राहिलेत."

त्यांनी मला एकच काम दिलं: प्रश्न विचारायचा आणि मनात दहापर्यंत मोजायचं. सोपं वाटतं ना? करून पाहा. चारला तोंड शिवशिवायला लागतं, सहाला उत्तर आपणच देऊन टाकतो.

बाबांकडून त्यांनी आकडे म्हणवून घेतले, वारांची नावं घेतली. ती आली. नोकरी काय होती हे कळल्यावर त्या सहज म्हणाल्या, "नागपूर..." आणि बाबा सुटले: "दिघोरी, विहिरगाव, पाचगाव, उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी." आईच्या डोळ्यांत पाणी. बाईंनी मात्र आमचा आनंद तिथेच आवरला. घोकलेलं एका माळेत येतं. आकडे, भजनं, शिव्यासुद्धा. (शिव्याही आल्या होत्या, आत्या गेल्यावर.) माळेतला एक मणी काढून हवा तिथे ठेवणं हे खरं काम. त्यांनी नुसतं "उमरेड" म्हणायला सांगितलं. बाबांचे ओठ हलले, कपाळावर शिरा आल्या, शब्द नाही आला.

घंटीची गोष्ट आईची. बाबा कंटाळले की डाव्या हाताने पलंगाच्या लोखंडी दांडीवर टण-टण करतात, हे तिच्या लक्षात आलं. एसटीत एक बेल म्हणजे थांब आणि डबल बेल म्हणजे चल. आईने विचारलं, "अहो, होय असेल तर डबल मारता का?" टण-टण. बाईंनी खात्री करून घेतली. हे नागपूर आहे का? टण-टण. हा तुमचा मोठा भाऊ आहे का? बाबांनी माझ्याकडे पाहिलं, एक टण, आणि आजारपणानंतर पहिल्यांदा हसले. तोंडाने ज्या हो-नाहीची गडबड होत होती, ती हाताने झाली नाही.

तरी पंधरा दिवसांनी भिवापूर प्रकरण झालंच. बाबा दुपारपासून "भिवापूर, भिवापूर" करत होते. माळेतला एक मणी सुटला म्हणून मी खूश! वाटलं, तिकडच्या जुन्या ड्रायव्हरकाकांची आठवण आली. फोन लावून दिला. बाबांनी फोन बाजूला सारला. जायचं आहे का? टण. कोणी वारलं का, असं आईने घाबरून विचारलं. टण, जोरात. बाबा लालबुंद झाले.

आमच्या ट्रेनिंगमध्ये एक स्लाइड असायची: संवादात शब्द फक्त 7 टक्के, आवाज 38 टक्के आणि देहबोली 55 टक्के. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतले आहेत आणि ते फक्त आवडनिवडीच्या भावनांपुरते, तेही शब्द आणि चेहरा एकमेकांशी जुळत नसतील तेव्हाचे. ट्रेनरलोक ते सगळ्या बोलण्याला चिकटवतात, मीही नव्या पोरांना छातीठोकपणे शिकवलं आहे. त्या दुपारी बाबांचे 55 टक्के मला अगदी स्वच्छ दिसत होते. ते चिडलेत, एवढं कळत होतं. कशासाठी, ते कळायला तो 7 टक्क्यांतला एक शब्दच लागत होता.

शेवटी बाईंनी सांगितल्यासारखं मोठ्यातून लहानाकडे गेलो. माणूस? टण. गाव? टण. वस्तू? टण-टण. घरातली? टण-टण. खायची? टण-टण-टण-टण. आई एकदम कपाळावर हात मारून उठली. "अहो, मिरची! तिखट पाहिजे का तुम्हाले?"

भिवापूरची मिरची. दवाखान्यातून आल्यापासून आम्ही त्यांना मिठाबरोबर तिखटही बंद करून ठेवलं होतं. डॉक्टरांनी फक्त मीठ कमी करा म्हटलं होतं, तिखट आम्ही आमच्या मनाने काढलं. महिनाभर सावजीवाल्या माणसाला पांढरं वरण! डॉक्टरांना फोन करून विचारलं, आणि त्या रात्री वरणावर लाल फोडणी पडली. बाबांनी दोन वाट्या खाल्ल्या.

आता दहा महिने झाले. तीन-चार शब्दांची वाक्यं येतात, मधली जोडणी गळून. काल सकाळी माझी घाई होती, नऊला कळमेश्वरच्या डॉक्टरांकडे पोचायचं होतं. बाबा म्हणाले, "चहा... आज..." आणि थांबले. मी सातपर्यंत मोजलं असेल. म्हटलं, "आज बिनसाखरेचा?"

टण.

मी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.