मुरानोव्स्का रस्त्यावरचा दिवा

लक्ष्मीपूजनाला घराबाहेर असण्याची ही माझी पहिलीच वेळ. १ नोव्हेंबर २०२४. नवऱ्याला रजा तेवढीच मिळाली होती. दिवाळी सोडून पोलंडला जाणार म्हटल्यावर सासूबाई दोन दिवस धड बोलल्या नव्हत्या. क्राकूव्ह, वावेलचा किल्ला, विएलिच्काची मिठाची खाण हे सगळं चार दिवसांत झालं. सुंदर होतं, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते वॉर्सातल्या एका संध्याकाळबद्दल.

त्या दिवशी वॉर्सात सगळं बंद होतं. संग्रहालयं बंद, दुकानं बंद. १ नोव्हेंबरला अख्खा देश आपल्या गेलेल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावायला जातो. आमचा कार्यक्रम आखणाऱ्या प्रवासी कंपनीनं नेमका हाच दिवस 'वॉर्सा दर्शन' म्हणून टाकला होता. फोन केला तर नुसतं "सॉरी मॅडम". मला खरंच संताप आला. इतक्या लांब माणूस आयुष्यात किती वेळा येतो?

मग आम्ही ट्राममध्ये बसलो. ट्राम शेवंतीनं भरली होती. प्रत्येकाच्या मांडीवर शेवंतीची कुंडी, पायाशी दिव्यांची पिशवी. जाड लाल काचेचा दिवा, वर भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण. त्याला ते लोक झ्निच म्हणतात. एक मीही विकत घेतला होता, कारण मला कुठं जायचं ते पक्कं ठाऊक होतं.

माझं आजोळ वळिवडे, कोल्हापूरजवळचं. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. पुढं फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी कुटुंबं आली आणि गांधीनगर उभं राहिलं. आजोबा तेव्हा तेरा वर्षांचे होते, वडिलांबरोबर छावणीत भाजी आणि अंडी विकायला जायचे. म्हातारपणीही त्यांना जेवण आवडलं की ते "दोब्झे, दोब्झे" म्हणायचे. आम्हा नातवंडांना वाटायचं, हा आजोबांचाच काहीतरी शब्द असणार. क्राकूव्हला पोचलो त्या दिवशी तिकीट खिडकीतल्या बाईनं माझे सुटे पैसे मोजले आणि म्हणाली, "दोब्झे." अंगावर काटा आला. 'छान', 'ठीक आहे' असा त्याचा अर्थ.

ऑगस्टमध्ये पंतप्रधान वॉर्साला गेले, तेव्हा त्यांनी तिथल्या कोल्हापूर स्मृतिफलकाला अभिवादन केल्याची बातमी आली होती. तेव्हापासून तो फलक डोक्यात होता. पण नकाशा वाचण्यात माझी चूक झाली, आम्ही पुढच्या थांब्यावर उतरलो आणि मुरानोव्स्का रस्त्यावर आलो.

रस्त्याच्या मधोमध रेल्वेचे रूळ आहेत. त्यावर मालगाडीचा एक उघडा डबा, आणि डब्यात दाटीवाटीनं कोंबलेले क्रूस. कॅथलिकांचे, ऑर्थोडॉक्सांचे, आणि त्यांच्यात ज्यू आणि मुसलमानांच्या थडग्यांचे दगडही. रुळांखालच्या प्रत्येक स्लीपरवर एका गावाचं नाव कोरलेलं. पूर्वेत मारल्या गेलेल्यांचं हे स्मारक १७ सप्टेंबर १९९५ला उभं राहिलं. १७ सप्टेंबर कशासाठी, हे मला तिथं उभं राहून फोनवर शोधावं लागलं. १ सप्टेंबर १९३९ला जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला, हे शाळेत पाठ केलं होतं. सोळा दिवसांनी दुसऱ्या बाजूनं सोव्हिएत फौजाही घुसल्या, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. आजोबांच्या छावणीतली माणसं त्या दुसऱ्या बाजूची होती. १९४० च्या फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत, रात्री दारं ठोठावून त्यांना मालगाड्यांत भरलं आणि सैबेरिया, कझाकस्तानकडं नेलं.

स्लीपरांवर दिवे लागलेले होते. एक म्हातारी बाई वाकून काडी पेटवत होती आणि वारा ती विझवत होता. तीन काड्या गेल्या. मी शाल काढली आणि तिच्या बाजूनं आडोसा धरला. चौथी काडी टिकली. तिनं झाकण लावलं, हात माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "दोब्झे."

सोबत तिचा नातू होता, त्याला इंग्रजी येत होतं. आजी ८८ वर्षांच्या. चार वर्षांच्या असताना त्या स्वतः अशा डब्यात होत्या. आई, त्या आणि धाकटा भाऊ. डब्यात मधोमध शेगडी, जमिनीला एक भोक, तेच शौचालय. भाऊ तिकडंच राहिला. तो कुठं पुरला हे आता कुणालाच सांगता येत नाही, म्हणून त्या गावाच्या सगळ्यात जवळचं नाव ज्या स्लीपरवर आहे, तिथं त्या दरवर्षी दिवा लावतात. ते नाव त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. मला म्हणता आलं नाही.

मी भारतातली, हे कळल्यावर त्या नातवाला काहीतरी बराच वेळ सांगत राहिल्या. तो म्हणाला, "आजी म्हणते, जनरल अँडर्सच्या पोलिश फौजेबरोबर जे रशियातून निघाले ते इराणला, भारताला पोचले. आमच्या पणजीला खबर उशिरा लागली. त्या १९४६ला परत आल्या." कोल्हापूर हे नाव आजींनी ऐकलेलं नव्हतं. मीही फार काही बोलू शकले नाही. माझे आजोबा ज्यांना अंडी विकायचे, ती सुटलेली माणसं होती. न सुटलेल्यांतल्या एक माझ्यासमोर उभ्या होत्या.

नवरा थंडीनं कुडकुडत होता. त्याला म्हटलं, "तू हो पुढं, मी येते." तो गेला नाही, शेजारीच उभा राहिला.

पोलंड आणि रशिया या दोन देशांचं वैर विसाव्या शतकातलं नाही, हे पुढच्या दोन-तीन दिवसांत पावलोपावली जाणवलं. ज्या झिगमुंट राजाच्या स्तंभाखाली आम्ही फोटो काढले, त्याच्या सैन्यानं १६१०ला क्लुशिनोची लढाई जिंकली आणि दोन वर्षं थेट क्रेमलिनमध्ये ठाण मांडलं. रशियाच्या झारला, वासिली शुइस्कीला, कैद करून वॉर्साच्या राजवाड्यात आणलं आणि राजापुढं वाकायला लावलं. मॉस्कोतून पोलिश सैन्य हाकलल्याचा दिवस रशिया २००५ पासून राष्ट्रीय सण म्हणून पाळतो, ४ नोव्हेंबरला. आणि ४ नोव्हेंबरलाच, १७९४ मध्ये, सुव्होरोव्हच्या रशियन सैन्यानं व्हिस्तुला नदीपलीकडच्या प्रागा भागात शिरून हजारो लोक कापले, बायका-मुलंसुद्धा. कॅथरिन राणीनं त्याला त्याबद्दल फील्डमार्शल केलं. पुढच्या वर्षी पोलंड नकाशावरूनच गेला, तो १९१८ पर्यंत. आम्ही ४ तारखेला प्रागात होतो. सोमवार होता, लोक कामावर निघाले होते, बेकरीतून पावाचा वास येत होता. एकाच तारखेला एका देशात सण आणि दुसऱ्याच्या वाट्याला कत्तल, हे मला अजूनही पचत नाही.

कातिन हत्याकांडाचं संग्रहालय मात्र चुकवू नका असं मी म्हणणार होते, पण ते सहन होईल का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी अर्ध्यात बाहेर आले. १८३० च्या उठावानंतर झार निकोलसनं शहरावर वचक ठेवायला किल्ला बांधला, खर्चही शहराकडूनच वसूल केला. त्याच किल्ल्यात हे संग्रहालय आहे. १९४० मध्ये गोळ्या घातलेल्या सुमारे २२ हजार पोलिश अधिकाऱ्यांच्या आणि कैद्यांच्या खिशांतून निघालेल्या वस्तू तिथं आहेत. चमचे, कंगवे, चष्मे. गरुडाची बटणं. हे आपणच केलं, हे कबूल करायला मॉस्कोला १९९० उजाडावं लागलं. तोवर पन्नास वर्षं दोष जर्मनांवर होता आणि पोलंडमध्ये घरातल्या माणसाचं मरण मोठ्यानं बोलायचीही चोरी होती.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आजींना नमस्कार केला, आणि नातवानं दाखवलेल्या रस्त्यानं निघालो. रस्त्याचं नाव वाचून मी थांबलेच. जनरल अँडर्स रस्ता. हे गृहस्थ मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात होते. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, म्हणून स्टालिननं त्यांना सोडलं, आणि त्यांनी सैनिकांबरोबर हजारो बायका-मुलांनाही इराणकडं बाहेर काढलं. मुरानोव्स्काचा तो डबा, मग अँडर्स रस्ता, आणि दहा-बारा मिनिटं चालल्यावर, अँडर्सची फौज पुढं इटलीत लढली त्या मॉन्ते कासिनोच्या लढाईचं पांढरं स्मारक. त्याच्या पायथ्याशी तो फलक. त्यावर वळिवडे आणि कोल्हापूर.

इथं एक कबूल करायचंय. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. लहानपणापासून मी त्याच्या शेजारून शेकडो वेळा गेले असेन, मुलांना तिथं खेळवलंय. त्यावर काय लिहिलंय ते मी कधी थांबून वाचलं नाही. वळिवड्याचं नाव असलेला दगड पहिल्यांदा वाचला तो वॉर्सात, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी.

दिवा लावला. साडेचार वाजले होते आणि अंधारून आलं होतं. कोल्हापुरात नऊ. आईला व्हिडिओ कॉल केला. तिच्या मागं फटाके वाजत होते, पाटावर लक्ष्मी मांडलेली, लाह्या-बत्तासे. मी फोन फलकासमोर धरला. आईनं अक्षरं लावत लावत वाचलं, मग काही न बोलता फोन उचलून भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोपुढं नेला. थोडा वेळ मला नुसती फोटोची काच आणि त्यात चमकणारी माळ दिसत होती.

मग तिचा आवाज आला, "वारा आहे का गं तिथं? दिव्याला आडोसा कर."

म्हटलं, "झाकण आहे त्याला, आई."