पॅनलमधला मोडेम

आज दिवसभर वाळूजला एका कंपनीत होतो, शॉपफ्लोअरवर एकेक पॅनल उघडून केबल कुठून कुठं गेलीय ते बघायचं काम. नेटवर्कचा ड्रॉइंग हातात होता पण मी त्याच्यावर कधीच भरवसा ठेवत नाही, डोळ्यानं बघितल्याशिवाय डिझाइनला हात लावायचा नाही.

एका पॅनलमध्ये मशीन चालवणाऱ्या छोट्या कंप्युटरच्या, म्हणजे पीएलसीच्या बाजूला धुळीनं माखलेला फोरजी मोडेम सापडला, सिमसकट, दिवा चालू. मशीन देणाऱ्या पार्टीनं रिमोट सपोर्टसाठी लावलेला. म्हणजे पुढं एवढा महागाचा फायरवॉल आणि परसदार सताड उघडं. मेंटेनन्सचे काका म्हणले, "सर, एवढा काढू नका, लाइन बसली की रात्री मलाच बोलावतेत." आणि काका चुकीचं बोलत नव्हते, पुण्याहून इंजिनिअर येईस्तोवर अख्खी शिफ्ट जाते.

पण ती पीएलसी मॉडबसवर बोलते, म्हणजे मशीनांची आपसात बोलायची भाषा, तो प्रोटोकॉल 1979 चा, त्यात पासवर्ड नाही की समोरचा कोण हे विचारणं नाही, पोर्ट 502, म्हणजे मॉडबसच्या दारापर्यंत जो पोचला त्याचा हुकूम ती ऐकणार. त्यामुळं तिच्यापर्यंत कोणी पोचायचंच नाही अशी मांडणी करावी लागते, आणि इथं तर अकाउंट्सचे पीसी, सीसीटीव्ही, वायफायवरचे मोबाइल, पीएलसी सगळं एकाच सबनेटात, म्हणजे मधे भिंतच नाही!

मीटिंगमध्ये नेहमीचा प्रश्न आलाच, आपल्याकडं कोण कशाला येईल, आपण काय बँक हाय का. मी नॉटपेट्या नावाच्या व्हायरसचं सांगितलं. 27 जून 2017, युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते सुटलं आणि इकडं न्हावाशेव्याला मर्स्क या जहाज कंपनीच्या ग्रुपचं टर्मिनल ठप्प झालं, त्या टर्मिनलचा रशिया-युक्रेनच्या भांडणाशी काय संबंध होता? विंडोजमधलं भोक बुजवणारा मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आलेला, तरी पॅच मारलेली मशीनंसुद्धा गेली, कारण एका पीसीतून ॲडमिनचा पासवर्ड उचलून ते शेजारच्या पीसीत घुसत होतं. म्हणून मी पॅचच्या बरोबरीनं सेगमेंटेशन, म्हणजे नेटवर्कचे वेगळे कप्पे, मागतो, आणि त्यावर अडून बसतो.

दुसरं म्हणजे सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा 2022 चा आदेश, घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायचं आणि लॉग 180 दिवस ठेवायचे. त्या मोडेममधून आजवर कोण आलं कोण गेलं याची एक ओळ कुठं नाही, मग कळवणार काय?

मोडेम मी लगेच उपटला नाही. काकांना वाऱ्यावर सोडून केलेली सिक्युरिटी टिकत नसते, ते दुसरा मोडेम आणून लावतील आणि तो मला दिसणारही नाही. ठरलं असं की डीएमझेडमध्ये, म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या नेटवर्कच्या मधल्या कप्प्यात, जंप सर्व्हर, बाहेरच्यानं आधी त्याच्यावर यायचं आणि तिथूनच पुढं जायचं, मशीन देणाऱ्या व्हेंडरला ओटीपीवाला व्हीपीएन, त्याचं अकाउंट एरवी बंद, गरज पडली की काकांनीच चालू करायचं, सेशन रेकॉर्ड होणार आणि काही तासांनी अकाउंट आपोआप बंद. रात्री दोनला मॅनेजरच्या मंजुरीची वाट बघायची नाही, अधिकार काकांचा. मॅनेजमेंट जरा कुरकुरलं पण मानलं, आणि मला ही गोष्ट फायरवॉलच्या रूल्सइतकीच महत्त्वाची वाटते.

व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचे ते कप्पे, वेगळे करायचं काम रविवारी, लाइन बंद असते तेव्हा. कोणतं मशीन कोणाशी बोलतं याची यादी काकांनी निघताना वहीतलं पान फाडून दिली, त्यात एक बारकोड प्रिंटर हाय जो ड्रॉइंगमध्येच नाही. उद्या आधी तो शोधायचाय.