आजीच्या डबीतली गिन्नी आणि तो बारीकसा ‘आय’

आजी गेली त्याला आता दीड वर्ष होईल. वर्षश्राद्ध झाल्यावर एकदाचा तो डबा लॉकरमधून काढला आणि काकांच्या घरी दादरला आणला, आत्या डोंबिवलीहून आली होती, चुलत भाऊ न्यू जर्सीहून सुट्टीवर आलेला, आणि सतरंजीवर आजीच्याच जुन्या लुगड्याचा तुकडा पसरून सगळं मांडलं. पाटल्या, बांगड्या, ठुशी, पुतळ्यांची माळ आणि एका छोट्या पितळी डबीत तीन गिन्न्या, म्हणजे इंग्रजांच्या वेळची सोन्याची नाणी. एकीला गळ्यात घालायला कडी झाळलेली, बाकी दोन साध्या. काका म्हणाले, पाटल्या-बांगड्या सुनांना आणि गिन्न्या मोडून तिघी नातींना सारखी वळी करू, हिशोब सोपा. कोणी काही बोललं नाही, मी पण नाही.

माझं ऑफिस फोर्टात, म्हणून झवेरी बाजारात जाऊन भाव विचारायचं काम माझ्याकडे आलं. ज्यांच्याकडे गेले त्यांचं नाव नाही लिहीत. त्यांनी तिन्ही गिन्न्या एकदम काट्यावर टाकल्या, कॅल्क्युलेटर काढला आणि म्हणाले, ताई, बावीस कॅरेटचा भाव लावतो, शेकडा पाच घट जाईल, उरलेले पैसे लगेच ट्रान्सफर करतो. एकही गिन्नी त्यांनी उलटून बघितली नाही, साल काय, शिक्का कुठला, काही नाही. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, कारण आजी त्या गिन्न्या दर लक्ष्मीपूजनाला ताम्हणात ठेवायची आणि आम्हाला हात लावायच्या आधी हात धुवायला लावायची. घरी विचारून येते म्हणाले आणि डबी पर्समध्ये टाकून निघाले.

रात्री जेवणं झाल्यावर टेबललॅम्पखाली भिंग घेऊन बसले. पहिली 1911 ची. कडीवाली 1898 ची, व्हिक्टोरिया राणीचा म्हातारपणीचा चेहरा, डोक्यावरून ओढणी घेतलेली. तिसरी पंचम जॉर्जची, मागे नेहमीचा घोड्यावरचा संत जॉर्ज आणि खाली ड्रॅगन, साल 1918, आणि त्या सालाच्या बरोब्बर वर, घोड्याच्या पायाखाली जी जमिनीची पट्टी असते त्या पट्टीत, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक एक उभी रेघ. आधी ओरखडा वाटला. मग गिन्नी जरा तिरकी धरली तर रेघेच्या वर आणि खाली छोटे आडवे पाय दिसले. ‘आय’ होता तो. इंग्रजी आय, इंडियाचा.

आता हे का भारी आहे ते सांगते. गिन्नी म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन, 1817 पासून आजच्या रूपात निघतेय, घोडेस्वाराचं ते चित्र पिस्त्रुची नावाच्या इटालियन कारागिराचं, सालाच्या उजवीकडे बी.पी. ही त्याची अक्षरं अजून असतात. लंडनशिवाय सिडनी, मेलबर्न, पर्थ, ऑटावा, प्रिटोरिया इथेही ती पाडली जायची आणि प्रत्येक टाकसाळीचं अक्षर वेगळं. माझ्या 1898 च्या गिन्नीवर एम आहे, म्हणजे ती मेलबर्नची. आणि पहिल्या महायुद्धाच्या शेवटी 1918 मध्ये रॉयल मिंटची एक शाखा मुंबईत उघडली, आपल्या फोर्टातल्या टाकसाळीत, ती 1919 मध्ये बंदही झाली. तेवढ्या काळात साधारण 13 लाख गिन्न्या निघाल्या, सगळ्यांवर साल 1918 आणि तो आय. त्यानंतर थेट 2013 मध्ये भारतात पुन्हा आय अक्षराची सॉव्हरिन परवान्याने पाडली गेली, मध्ये काही नाही.

ती टाकसाळ म्हणजे रिझर्व्ह बँकेजवळची, शहीद भगतसिंग रोडवरची, उंच खांबांची. मी गेली अकरा वर्षं सीएसएमटीला उतरून तिच्यासमोरून ऑफिसला जातेय! आणि तिथे घडलेली वस्तू आजीच्या पितळी डबीत होती आणि मी ती वळी करायला घेऊन निघाले होते.

लगेच किमतीचं बोलते, कारण हे वाचून बऱ्याच जणांना वाटेल की आता लाखोंची लॉटरी. तसं नाहीये. 13 लाख हा आकडा मोठा आहे, वितळून गेलेल्या धरूनही भरपूर उरल्यात, त्यामुळे मुंबईची गिन्नी सोन्याच्या किमतीपेक्षा थोडी वर जाते, चांगल्या अवस्थेतली असेल तर अजून थोडी, पण तिच्यावर फ्लॅट येत नाही. ऑटावाची 1908 ची गिन्नी फक्त 636 निघाली होती, लंडनची 1917 ची अतिशय दुर्मिळ आहे, त्यांची गोष्ट वेगळी. नाण्याचं वय जास्त म्हणजे किंमत जास्त हा समज काढूनच टाका, दोन हजार वर्षं जुनी तांब्याची नाणी किरकोळ पैशात मिळतात. किती उरलीत, कोणाला हवीत आणि कुठल्या अवस्थेत आहेत यावर सगळं ठरतं.

म्हणून मी आता प्रत्येक सोन्याच्या नाण्याच्या दोन किमती वेगवेगळ्या काढते. पहिली सोन्याची. गिन्नीचं वजन 7.988 ग्रॅम, बावीस कॅरेट, म्हणजे शुद्ध सोनं 7.32 ग्रॅम. हिशोबाला सोपं म्हणून 24 कॅरेटचा भाव ग्रॅमला 10,000 धरला तर 73,200 रुपये, त्या दिवसाचा खरा भाव घालून जो आकडा येईल त्याच्याखाली अस्सल गिन्नी देऊ नका, आणि साध्या गिन्नीत घट कसली जाते हे समोरच्याला शांतपणे विचारा, कारण तिच्यात झाळ नाही, आत लाख भरलेली नाही, खडे नाहीत, टाकसाळीतून ठरलेल्या कसाचीच बाहेर पडलीय. ईस्ट इंडिया कंपनीची सोन्याची मोहर असेल, 1835 ची चौथ्या विल्यमची किंवा 1841 ची व्हिक्टोरियाची, तर वजन 11.66 ग्रॅम आणि शुद्ध सोनं जवळजवळ 10.69. हे 11.66 म्हणजेच जुना तोळा बरं का, आपण आता बोलताना दहा ग्रॅमला तोळा म्हणतो.

दुसरी किंमत नाण्याची, आणि इथे आपल्या घरांमध्ये प्रेमापोटीच नुकसान होतं. आजी दर दिवाळीला दागिन्यांबरोबर गिन्न्याही रिठ्याच्या पाण्यात भिजवून ब्रशने घासायची, लख्ख करायची. दागिन्याला ते ठीक आहे, पण नाण्यावर त्या ब्रशचे हजार बारीक ओरखडे उठतात आणि संग्राहकाला ते भिंगाशिवाय दिसतात, प्रकाशात फिरवलं की पृष्ठभाग मेलेला वाटतो. तसंच कडीचं. माझ्या 1898 च्या गिन्नीवर राणीच्या डोक्यावर झाळीचा फुगवटा आहे, कडी काढली तरी डाग राहणार, तिला सोन्याचाच भाव येणार, आणि मला ते मान्य आहे कारण ती पणजीच्या गळ्यात होती. पण तुमच्याकडे साध्या गिन्न्या असतील तर त्यांना हात लावताना कडेने धरा आणि कृपा करून धुऊ नका, पुसू पण नका.

नकली मालाबद्दल. मला आधी वाटायचं नकली म्हणजे पितळ. पण 1950-60 च्या सुमारास बैरूतकडे ज्या नकली सॉव्हरिन निघाल्या त्यातल्या बऱ्याच खऱ्या सोन्याच्या आहेत, म्हणजे सोनाराच्या मशीनवर टच, म्हणजे सोन्याचा कस, बरोबर येतो, वजनही जवळपास, आणि तरी नाणं खोटं. सोन्याची किंमत मिळते, नाण्याची नाही. त्यामुळे सोनाराने खरं आहे म्हटलं की आपलं काम निम्मंच झालेलं असतं. व्यास 22.05 मिलिमीटर, जाडी 1.52, हे स्वतः मोजा, आणि अक्षरांच्या कडा बघा, खोट्या नाण्यात त्या साबणासारख्या गुळगुळीत दिसतात.

शिवरायांच्या सोन्याच्या होनाबद्दल तर हात जोडून सांगते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, 1674 च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं हे नाणं इतकं दुर्मिळ आहे की कोणी तुम्हाला व्हॉट्सॅपवर फोटो पाठवून स्वस्तात होन देतोय तर तो होन नाही. आपल्या भावनेवर हात ठेवून पैसे काढतात, मला याचा खूप राग येतो. रामदरबाराचं चित्र असलेली नाण्यासारखी टोकनं पण तशीच, ती कधी चलनात नव्हती, देवघरात ठेवा, गुंतवणूक म्हणून घेऊ नका. आणि अमुक नाणं द्या लाखो मिळवा या जाहिरातींबद्दल 2021 मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेने सावध केलं होतं, कारण त्यांचंच नाव वापरून लोकांकडून फी उकळत होते.

किंमत शोधायची तर विकायला लावलेल्या किमती बघू नका, कोणीही काहीही लावतो. मुंबईत नाण्यांचे लिलाव नियमित होतात, त्यांचे कॅटलॉग आणि नंतर प्रत्यक्ष किती रुपयांना गेलं ते आकडे ऑनलाइन बघायला मिळतात, मी तीन महिने रोज झोपताना तेच वाचत होते. हातोडा पडलेल्या किमतीवर घेणाऱ्याला कमिशन आणि जीएसटी लागतो आणि विकणाऱ्याकडूनही कमिशन कापतात, म्हणजे घेतलेलं नाणं लगेच विकलं तर नुकसान ठरलेलं. निव्वळ सोन्यात पैसे घालायचेत तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे विकत घेता येणारे सोन्याच्या फंडाचे युनिट, घ्या, खरंच सांगते, बँकेतून कॉइन पण नको, जास्त भावाने देतात आणि परत घेत नाहीत. नाणं त्याने घ्यावं ज्याला ते हातात धरून बघत बसावंसं वाटतं आणि ज्याला दहा वर्षं विकायची घाई नाही. फोर्टात पी.एम. रोडवर रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं म्युझियम आहे, विकत घेण्याआधी तिथे दोन-तीनदा जाऊन या, नजर बसते.

दोन कायद्याच्या गोष्टी. न्यू जर्सीवाला भाऊ म्हणाला, आय-वाली मला दे, मी तिकडे ग्रेडिंग, म्हणजे नाण्याची अवस्था तपासून दर्जा ठरवणं, करून घेतो. मी नाही म्हटलं. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं हा पुरावशेष होतो आणि तो देशाबाहेर नेता येत नाही, 1918 ची गिन्नी त्यात आता बसते. तो जरा रागावला, मग त्याने स्वतः वाचलं आणि गप्प बसला. दुसरं टॅक्सचं, वारसाने आलेलं सोनं दोन वर्षांहून जुनं असेल तर विकताना नफ्यावर 12.5 टक्के, त्यात आजीने घेतलं ते वर्ष धरतात आणि 1 एप्रिल 2001 च्या आधीचं असेल तर त्या दिवसाचा भाव खरेदी किंमत म्हणून घेता येतो, हे सीएला नक्की विचारा.

गिन्न्या मोडल्या नाहीत. काकांना मी तोच भिंग आणि तोच टेबललॅम्प नेऊन दिला. ते बराच वेळ बघत होते, मग आत्याला म्हणाले, अगं ताई, ही इथली आहे, आपल्या फोर्टातली. आत्याने चष्मा वर करून, गिन्नी डोळ्याजवळ नेऊन बघितली आणि म्हणाली की आई सांगायची, तिच्या वडिलांनी लग्नात दोन गिन्न्या दिल्या होत्या आणि एक पुढे मुलगा झाल्यावर. कुठली कोणती ते आता कोणालाच माहीत नाही. तिघींना एकेक दिली, आय-वाली माझ्याकडे राहिली, माझ्या वाटणीतून बाकी दोघींना फरक दिला. कागदाच्या पाकिटात ठेवलीय, प्लास्टिकच्या मऊ पिशवीत नाही कारण ते प्लास्टिक वर्षानुवर्षांनी चिकट होऊन नाण्याला धरतं, पाकिटावर वजन, साल आणि आजीचं नाव लिहिलंय.

आता पुतळ्यांची माळ उरलीय. पुतळी हे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट, साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध, 1284 पासून 1797 मध्ये व्हेनिसचं राज्य बुडेपर्यंत निघत होतं आणि व्यापारातून इथे आलं. एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला तिथला प्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात उभा ख्रिस्त, त्या माणसांच्या आकृत्यांवरून आपल्याकडे पुतळी नाव पडलं आणि मग आपल्या सोनारांनी तशाच पुतळ्या पाडून माळा केल्या. खऱ्यावर कडेने लॅटिन अक्षरं वाचता येतात, नकलेत नुसत्या काड्या. आजीच्या माळेत अठ्ठावीस आहेत. रोज रात्री दोन-तीन बघते, अकरा झाल्या, दहा आपल्याच सोनारांच्या, काड्यावाल्या, आणि सातव्या पुतळीवर एम आणि मग ए, आर असं काहीतरी वाचता येतंय, पण पुढचं सगळं माळेच्या कडीखाली दबलंय.